फोन कोणाचा, खातं कोणाचं?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पंचवीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोराला आयफोन घ्यायचाय. कॉलेजात त्याला कमीपणा वाटतो." उरलेली रक्कम हप्त्याने. ताईंच्या हातात होता तो अँड्रॉइड, काच तडकलेला, त्याच पोराने वापरून झालेला. कर्ज मंजूर झालं. मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं अजून डाचतंय.

ग्राहक आयफोन का घेतो आणि अँड्रॉइड का, यावर पुष्कळ लिहिलं जातं. खरं कारण साधं आहे. २००७ साली आलेला आयफोन एकच कंपनी बनवते आणि तीच किंमत ठरवते. २००८ पासून बाजारात आलेली अँड्रॉइड प्रणाली गुगलने अनेक कंपन्यांना वापरू दिली, म्हणून आठ-दहा हजारांतही फोन मिळतो. नाक्यावरचा दुरुस्तीवाला तो उघडतो, सुटे भाग स्वस्त असतात. व्हॉट्सॲप दोन्हींवर सारखंच चालतं, त्यामुळे तीही अडचण नाही. आपल्या देशात शंभरातले नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइड आहेत ते यामुळे. आयफोन घेतला जातो तो कॅमेऱ्यासाठी, आणि बराचसा चारचौघांत दिसावा म्हणून.

पण मैत्रिणींनो, या सगळ्या चर्चेतला 'ग्राहक' कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्केच निघाल्या. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी तरी तो कुठे निवडलेला असतो? वस्तीत बाईचा फोन विकत घेतला जात नाही, तो घरातून खाली उतरत येतो. कामाच्या फोनचंही तेच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत केले. बायकांनी मिळून फोनबद्दल निर्णय घेतल्याचं मला आठवणारं हे एक ठळक उदाहरण, आणि तोही नाकारण्याचा. (माझा फोनही नवऱ्याने पसंत केला, हे कबूल करते. दुकानात माझं एमएसडब्ल्यू काही कामाला आलं नाही.)

उतरत आलेल्या फोनबरोबर आणखी एक गोष्ट येते. ॲप उतरवून घ्यायचं तर गुगलचं खातं लागतं. बाईचं खातं नसतं, म्हणून नवरा किंवा मुलगा आपलंच घालून देतो. आमच्या सल्ला केंद्रात आलेली एक बाई मारहाणीला कंटाळून बहिणीकडे गेली. पत्ता कोणालाच सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी नवरा दारात उभा. फोनमध्ये खातं त्याचं होतं. त्याला घरबसल्या तो फोन कुठे आहे ते दिसत होतं, आणि जखमांचे तिने काढून ठेवलेले फोटोही त्याच्याकडे आपोआप जात होते. आयफोन जास्त सुरक्षित म्हणतात, पण त्यातही ॲपलचं खातं नवऱ्याचं असेल तर हेच घडेल.

म्हणून फोन कोणता यापेक्षा खातं कोणाचं, हा प्रश्न आपण शिबिरांत घ्यायला हवा. मात्र घाईने खातं काढून टाकायला कोणालाही सांगू नये. फोन दिसेनासा झाला की नवऱ्याला संशय येतो आणि मार वाढतो. आधी तिची राहण्याची सोय, कागदपत्रं, फोटोंची दुसरीकडे ठेवलेली प्रत, मग खातं. आणि गट फोनसाठी कर्ज देत असेल तर तो कोण वापरणार, हे वहीत लिहायला काय हरकत आहे?

पुढच्या बैठकीला त्या ताई तडकलेला फोन घेऊन येणार आहेत, स्वतःचं खातं उघडायला. जुना पासवर्ड मुलालाच माहीत आहे, म्हणून त्यालाही बोलावलंय. येतो म्हणालाय.