मंजुरी दोघांची, पासवर्ड एकाकडे?

चेकवर दोन सह्या हव्यात, असा ठराव अनेक ट्रस्ट करतात. मग नेट बँकिंग येतं आणि दोन्ही लॉगिन अकाउंटंटच्याच डायरीत जाऊन बसतात. खजिनदार फोनवरून ओटीपी सांगतात, झालं अप्रूव्हल! माझ्या मते ही मंजुरी नाहीच.

टॅलीप्राइममध्ये पेमेंट व्हाउचर ऑप्शनल ठेवता येतं. ते रेग्युलर केल्याशिवाय खात्यांत धरलं जात नाही. म्हणजे अकाउंटंटने एन्ट्री करायची आणि खजिनदारांनी बिल बघून, स्वतःच्या लॉगिनने ती रेग्युलर करायची. पण टॅली बँकेतले पैसे अडवत नाही, म्हणून बँकेतही मेकर आणि चेकर वेगळेच हवेत.

चेकरने नुसती रक्कम बघू नये, फंड बघावा. इमारत निधीतून ४०,००० रुपये पगारावर गेले तरी बेरीज जुळते, बँकही जुळते. मोडतो तो देणगीदाराला दिलेला शब्द.

"आमचा अकाउंटंट घरचा माणूस आहे हो!" अहो, म्हणूनच तर! उद्या हिशेबात काही कमी-जास्त निघालं, तर सगळी बोटं त्याच्याकडेच वळणार. दोन्ही लॉगिन त्याच्याकडे असतील, तर आपण निर्दोष आहोत हे तो बिचारा दाखवणार कसं?

खजिनदार गावाला गेले तर? पर्यायी विश्वस्त आधीच ठरावात नेमा, त्यांना वेगळं लॉगिन द्या. काम एखादा दिवस थांबलं तर थांबू दे, पण पासवर्ड फिरवू नका.