कोयता थांबेल तेव्हा

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्ग गावी टॉफ्ट बंधूंनी ऊसतोडणीची यंत्रं घडवली. त्याच घराण्यातला ‘ऑस्टॉफ्ट’ हार्वेस्टर आज कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या फडांत फिरतो. यंत्र विकत घेता येतं. ते ज्या क्रमाने ऑस्ट्रेलियात आलं तो क्रम विकत मिळत नाही, म्हणून तो नीट पाहायला हवा.

१८६३ पासून चाळीसेक वर्षांत व्हानुआतू, सॉलोमन आणि आसपासच्या बेटांवरून सुमारे ६२,००० वेळा मजूर क्वीन्सलँडला नेले गेले. काही करारावर गेले, काहींना फसवून नेलं, काहींना सरळ पळवून. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नव्या संसदेने कायदा करून त्यांतल्या बहुतेकांना परत पाठवायचं ठरवलं. त्या खर्चाचा काही भाग काढला गेला तो मेलेल्या मजुरांच्या थकलेल्या मजुरीच्या निधीतून. त्यांच्या जागी युरोपीय मजूर आले, त्यांत इटालियन पुष्कळ. त्यांच्या हाती मताधिकार आणि संघटना होती. उंदरांच्या मुतातून फडात पसरणारा ताप माणसं मारू लागला तेव्हा, ‘आधी ऊस जाळा, मगच तोडू’ म्हणून १९३५ मध्ये त्यांनी संप केला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर बरी कामं मिळाली तसे तोडकरी फडातून निघून गेले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथला ऊस जवळजवळ सगळा यंत्राने तुटू लागला. मजुरी वाढली, दुसरी कामं मिळाली आणि त्यानंतर यंत्र आलं, हा तो क्रम.

ब्राझीलमध्ये तो बिघडला. ऊस जाळण्याचा धूर शहरांना नको झाला, म्हणून साओ पाउलो राज्याने २००२ मध्ये ऊस जाळणं टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा केला. न जाळलेला ऊस हाताने तोडणं कष्टाचं आणि महागही, त्यामुळे यंत्रं झपाट्याने आली. मारान्यांव, पियाउईसारख्या गरीब भागांतून हंगामाला येणाऱ्यांचं काम गेलं. कारखानदार आणि यंत्र कंपन्यांनी २०१० पासून नवं कौशल्य शिकवलं, पण ते काही हजारांना, आणि काम गेलेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती.

महाराष्ट्र आज या दोन वाटांच्या मध्ये उभा आहे. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, मग पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने उभे राहिले, आणि तोडणीला माणसं आली बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना, परभणीच्या कोरडवाहू गावांतून. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुळली. कारखान्याच्या गावात मजूर नव्हते असं नाही. खानदेशातल्या टोळ्या जिथे जातात त्या दक्षिण गुजरातच्या बारडोली भागाचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी हे नेमकं दाखवलं आहे. तिथे स्थानिक हळपती शेतमजूर रिकामे बसलेले असताना बाहेरची टोळी आणली जाते, कारण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेलं आणि फडाशेजारी कोपीत राहणारं जोडपं रात्री-अपरात्रीही ट्रॉली भरायला हाकेसरशी उठतं. आपल्याकडे टोळी जमवणाऱ्या मुकादमाची उचलही हेच काम करते. हंगाम संपताना ती फिटली नाही, तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच मुकादम.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. पहाटेपासून तोडायचं, पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या, गाडी भरायची, आणि दोन टन झाले तरी माणशी ३६६ रुपये. या कामाने शरीराचं काय होतं, हे २०१९ मध्ये बीडमध्ये झालेल्या तपासणीने सांगितलं. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, खाडा केला तर दंड, हे त्यामागचं एक मोठं कारण.

म्हणून कोयता थांबावाच, असं मी मनापासून म्हणतो. ज्यांनी पोरांना वसतिगृहात ठेवून शिकवलं, त्यांची पोरं फडात येत नाहीत, आणि येऊही नयेत. टोळीत उरतात त्यांतले पुष्कळ चाळिशी-पन्नाशीचे, कंबर-गुडघे गेलेले, दुसरं काहीच न शिकलेले. मुकादम म्हणतो, जोड्या मिळत नाहीत. कारखाना म्हणतो, म्हणूनच हार्वेस्टर. सरकारही एका यंत्रामागे ३५ लाखांपर्यंत अनुदान देतं. दिवसाला शंभर टन तोडणारं एक यंत्र पन्नास कोयत्यांचं, म्हणजे शंभर माणसांचं काम घेतं. त्या शंभरांच्या नावाने मात्र अनुदानात एकही ओळ नाही.

शेतकऱ्यालाही यंत्र सरसकट सुखाचं नाही. त्याला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, वळायला बांधाकडे जागा लागते. राज्यातली सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ वर आली. पाल्यापोटी वजनात होणारी कपात, गुरांना न मिळणारं वाढं, ओल्या रानात रुतणारी चाकं, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यामुळे तुकड्यांतला आणि चढावरचा ऊस अजून बरीच वर्षं हातानेच तुटेल, आणि तोडतील तेच थकलेले हात. त्यांच्यासाठी दर आणि फडातल्या सोयी आत्ताच सुधारल्या पाहिजेत. ‘यंत्र येणारच आहे’ म्हणून तो प्रश्न पुढे ढकलणं अन्यायाचं आहे.

एक गोष्ट मात्र हातात आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे आणि सरकारने तितकीच भर घालायची, असं ठरलं आहे. ही वर्गणी गाळलेल्या उसावर आहे, तो कोणी तोडला यावर नाही. साधारण १० कोटी टन गाळपाच्या हंगामात ती १०० कोटी होते, सरकारचा वाटा धरून २०० कोटी. यंत्रं वाढतील तसे मजूर घटतील, पण निधी घटणार नाही. पन्नाशी ओलांडलेल्या तोडकऱ्याला निवृत्तिवेतन द्यायला याहून सरळ पाया सापडणार नाही. त्यासाठी दोन अटी हव्यात. वर्गणी दर हंगामात पूर्ण वसूल व्हावी, आणि यंत्राच्या अनुदानाचा अर्ज मंजूर होण्याआधी त्या कारखान्याने आपल्या टोळ्यांतल्या माणसांची नावानिशी यादी महामंडळाकडे द्यावी, बाईचं नाव नवऱ्याच्या कोयत्यात न मिसळता वेगळं लिहून. कुणाकडे किती उचल थकली आहे तेही त्याच यादीत यावं, म्हणजे यंत्र आल्यावर काम गेलेल्या माणसाच्या दारात मुकादम वसुलीला उभा राहणार नाही.