पाणी कुणाच्या दारात?

दोस्तांनो, पाणी उताराला जातं हे शेंबडं पोरही सांगेल. पण शहरात उतार कोण ठरवतं? नकाशा काढणारा ठरवतो. नकाशा पास करणारा ठरवतो.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मुंबई बुडाली. पाणी ओसरायच्या आत आरोपी सापडला : मिठीकाठचा झोपडीवाला. बुलडोझर त्याच्याच दारात. मग मी विचारतो, खाजण बुजवून बांद्रा-कुर्ला संकुल उठवलं ते कुणी? विमानतळासाठी नदी वळवली ती काय आमच्या पत्र्याच्या खोल्यांनी?

मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाची. त्यातही निम्मं पाणी जमीन पिईल असा हिशेब. आता पिणारी जमीन उरलीय कुठं? डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक! १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं म्हणून तासाला ५० मिलिमीटर धरायला सांगितलं. गटारं मोठी करा, जरूर करा. पण तुंबलं की मॅनहोलात उतरणारा आपलाच असतो, हेही ध्यानात ठेवा.

पाणी पडतं तिथंच थोपवता येतं. टेकडी कापून सपाट करू नका, उतार बघून इमारत बसवा. ओढा आणि झाडं नकाशावर आधी, भिंती नंतर. छपराचं पाणी पाइपानं थेट नाल्यात न ढकलता गवताच्या उथळ चरात सोडा. खाडीकाठी जमीन आधीच ओलीगच्च, तिथं टाकीत धरा, पाऊस थांबल्यावर हळूहळू सोडा, आणि खारफुटीला हात लावू नका. अमेरिकेत मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीनं १९९० च्या दशकात याला 'लो इम्पॅक्ट' नाव दिलं. आपल्या आज्या-आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात बांध घातले, पाझर तलाव खणले. त्यांना कुणी एक्स्पर्ट म्हटलं नाही.

आज टॉवरवाला 'ग्रीन'ची पाटी लावतो. हिरवळ पोडियमवर, खाली तळघराचं काँक्रीट. वर दोन फूट भरणी टाकतो, की शेजारची चाळ जागेवरच दोन फूट खाली जाते. त्याचं पर्यावरण राखलं जातं, आमच्या चुलीत पाणी शिरतं.

म्हणून मागणी एकच : बांधकामाआधी प्लॉटमधून जेवढं पाणी बाहेर पडत होतं, त्याच्यावर एक थेंब बाहेर पडता कामा नये. आकडा नकाशावर लिहा. नाहीतर नकाशा पास करू नका.

वस्तीच्या पुनर्विकासाची मीटिंग लागेल. चौरस फूट विचाराच. पण पुढं हेही विचारा : भरणी किती? उतार कुणीकडं? पाणी धरणार कुठं? उत्तर मिळेपर्यंत सही नाही.

गावानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं. शहर आपल्याला उताराला ठेवतंय. नकाशा वाचायला शिका, दोस्तांनो. तो आपल्याविरुद्धच लिहिला जातोय.