कोरोनाने गेलेल्या ख्रिस्ती माणसाचं दफन की दहन?

मालवण-सावंतवाडीकडच्या कॅथलिक घरात माणूस गेला की चर्चमध्ये प्रार्थना होते आणि मग दफन. २०२० मध्ये अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली. दफनच नको, अशी भीतीही पसरली.

मग दहन चालतं का? चालतं. व्हॅटिकनने १९६३ मध्येच परवानगी दिली. २०१६ मध्ये सांगितलं की अस्थी पवित्र जागीच ठेवायच्या, समुद्रात सोडायच्या नाहीत. (किनाऱ्यावरच्यांनी हे लक्षात ठेवावं.)

पण सक्ती नव्हतीच. केंद्राच्या मार्च २०२० च्या सूचनांत दफनाला बंदी नव्हती; मृतदेहाला आंघोळ घालणं, चुंबन घेणं, मिठी मारणं तेवढं मना होतं. तरी वांद्र्यातल्या दफनाविरुद्ध रहिवासी उच्च न्यायालयात गेले. मे २०२० मध्ये न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली.