जोड्यापायी

परीक्षेला निघालेल्या मुलाला "चांगले गुण मिळव, मागशील ते देईन" असे सांगणारा बाप शहाणा नव्हे. निदान मी तरी हे बोलायला नको होते. गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. दशरथाने कैकेयीला दिलेल्या वरांचे पुढे काय झाले, हे वर्गात हातवारे करून सांगतो. पण वर्गात सांगितलेले घरी उपयोगी पडते असे थोडेच आहे!

चिरंजीवांना दहावीत ९१ टक्के गुण मिळाले. पेढे वाटून झाले, शेजारपाजारच्या शाबासक्या झाल्या, आणि त्याच रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक बूट होता. तांबडा, काळा आणि पांढरा. घोट्याच्या वर चढलेला.

"हे," तो म्हणाला. "जॉर्डन."

जॉर्डन नावाचा देश मला ठाऊक होता. पण हा देश नव्हे, हा मायकेल जॉर्डन नावाचा अमेरिकन बास्केटबॉलपटू, आणि त्याच्या नावाचे हे बूट १९८५ पासून बाजारात आहेत, अशी माहिती मला मिळाली. त्या साली मी स्वतः पाटीवर 'अ' गिरवत होतो. ज्याचा एकही सामना आपण जन्मात पाहिला नाही, त्याच्या नावाचे बूट या मुलाला का हवे असावेत, हे विचारावे म्हणून मी तोंड उघडले, आणि तेवढ्यात खाली लिहिलेली किंमत दिसली. अकरा हजार आठशे रुपये. मी तोंड मिटले.

"तुम्हीच म्हणाला होता," चिरंजीव म्हणाले.

मी "बघू" म्हणालो. बापाच्या शब्दकोशात 'बघू' या क्रियापदाला जितके अर्थ आहेत तितके दुसऱ्या कोणत्याही शब्दाला नसतील.

त्या रात्री मला झोप लागेना. माझे वडील, आण्णा, कागलजवळच्या एका खेड्यात सोसायटीचे गटसचिव होते. आम्ही काही मागितले की ते म्हणत, "पैसे न्हाईत." एवढेच. तो वाद नव्हता, उपदेशही नव्हता. ती वस्तुस्थिती होती आणि आम्हांला ती दिसत होती. त्यांच्या नकाराच्या मागे रिकामा खिसा भक्कमपणे उभा असे. माझी पंचाईत अशी की माझा खिसा रिकामा नाही. बारा वर्षे तासिका तत्त्वावर काढली, त्या काळात मी हा प्रश्न दोन शब्दांत निकालात काढला असता. पण गेली सहा वर्षे पूर्ण पगार हातात येतो, आणि तो किती येतो हे मुलाला ठाऊक आहे. कारण आयकराचे विवरणपत्र भरताना मला मदत तोच करतो! तेव्हा "परवडत नाही" असे म्हणणे म्हणजे धडधडीत खोटे. मग कारणे सांगावी लागतात. आणि रिकामा खिसा कोणाला खोडून काढता येत नाही; कारणे खोडून काढता येतात.

ती त्याने एकेक करून खोडून काढली.

मी म्हणालो, पायाला आच्छादन हवे, ते हजार रुपयांच्या बुटानेही होते. त्याने विचारले, मग तुमचे लग्नातले जाकीट थंडीसाठी होते का? मी म्हणालो, तू किंमत देतोस ती बुटाला नाही, त्यावरच्या खुणेला. यावर त्याने मला त्या खुणेचा इतिहासच सांगितला. नायकी हे ग्रीकांच्या विजयदेवतेचे नाव; आणि ती पिसासारखी वळलेली खूण १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या एका विद्यार्थिनीने काढून दिली, तेव्हा तिला पस्तीस डॉलर मिळाले. मी मनात म्हटले, बाई नशीबवान! बरोबरची तसलीच खूण मी उत्तरपत्रिकांवर दरवर्षी हजारो वेळा काढतो. मला एकेका खुणेचे किती पैसे पडतात ते न सांगितलेले बरे.

शेवटी मी माझे ठेवणीतले अस्त्र काढले. "वस्तू उपयोगासाठी असते. दिसण्यासाठी नव्हे. मूळची असो की नक्कल असो, काम तेच करते."

तो उठला, माझ्या कपाटाकडे गेला, आणि मर्ढेकरांच्या 'काही कविता' घेऊन आला. १९४७ सालची पहिली आवृत्ती. पाने पिवळी पडलेली, कोपरा कसरीने खाल्लेला. पुण्यात एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून मी ती घेतली तेव्हा अडीच हजार मोजले होते आणि घरी आठशे सांगितले होते.

"यातल्या कविता तुमच्याकडे दुसऱ्या पुस्तकात आहेत ना?"

"आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्याने पुस्तक हलकेच मिटून जागेवर ठेवले. ते इतक्या हलक्या हाताने ठेवले की मला त्याच्यावर रागावताही येईना. पलीकडच्या खोलीत सौभाग्यवती हसत होत्या, असा मला दाट संशय आहे.

वादात हरलेला माणूस देशाभिमानाचा आश्रय घेतो. येत्या रविवारी तुला खरे पादत्राण दाखवतो, असे सांगून मी त्याला चप्पल लाईनीत घेऊन गेलो. कोल्हापुरात राहून तेथे जायला आम्हांला निमित्त लागावे, हीही मौजच! वाटेत मी व्याख्यान सुरू केले. राजर्षी शाहूंनी या धंद्याला दिलेले उत्तेजन. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेले कातडे. खिळा न मारता चामड्याच्या वादीने घातलेली शिवण. कापशी, कचकडी, बक्कलनाळी ही घाटांची नावे. २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन. मुलगा निमूटपणे ऐकत होता. मग मी मिलानची हकीकत काढली. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या एका फॅशन-प्रदर्शनात प्राडा कंपनीने थेट कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मांडल्या, आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. इकडे ओरड झाली तेव्हा प्रेरणा कोठली ते त्यांनी मान्य केले. डिसेंबरात इथल्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, आणि इथे बनणाऱ्या जोडाची किंमत आठशे युरोंच्या आसपास असेल असे जाहीर झाले.

"म्हणजे तिकडच्या लोकांना आपल्या पायातलं हवंय, आणि मला तिकडचं," तो म्हणाला. "मग मी एकटाच कसा चुकलो?"

मी रस्त्याकडे पाहू लागलो.

आम्ही एका जुन्या दुकानात शिरलो. कारागीर साठीपुढचे होते. मांडीशी रापी, पुढ्यात चामड्याचा तुकडा. मी ऐटीत म्हणालो, "याच्यासाठी भारीतला जोड शिवायचा आहे. पैशाचं काही नाही." मुलाने माझ्याकडे असे पाहिले की 'पैशाचं काही नाही' हे शब्द मी कोणत्या तोंडाने उच्चारले, असे मला झाले. त्यांनी जमिनीवर कागद अंथरला, पाऊल ठेवायला सांगितले आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढली. मग अंगठा दाबून पाहिला, टाच पाहिली.

"वय किती?"

"सोळावं चालू आहे."

"मग न्हाई शिवत, सर. पाऊल वाढतंय अजून. आज भारीतलं पायताण करायचं आणि वर्साच्या आत बोटं भाईर? ह्याला आत्ता साधं घालू दे. वाढ थांबली की या, जन्मभर नाव काढील असं देतो." आणि तो कागद घडी करून त्यांनी मुलाच्या हातात दिला. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी फार दिवसांनी पाहिला. येताना मुलगा एक शब्द बोलला नाही, पण कागद त्याने खिशात जपून ठेवला होता.

येथवरची गोष्ट मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असे. पुढची कोणाला सांगितली नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा छत्री शोधायला मी माळ्यावर चढलो. छत्रीच्या मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बुटांचा एक जोड होता. तांबडा, काळा, पांढरा. अगदी तोच. क्षणभर मला वाटले, याने परस्पर घेतले की काय! मी पिशवी घेऊन तरातरा स्वयंपाकघरात गेलो.

सौभाग्यवतींनी गॅस बारीक केला. "अहो, हळू बोला. तो आत आहे." मग तिने सांगितले. गेल्या हिवाळ्यात मुलाने वाढदिवसाचे आणि ओवाळणीचे साठवलेले चौदाशे रुपये देऊन हे बूट घेतले होते. बाजारात अशा मालाला 'फर्स्ट कॉपी' म्हणतात. पहिल्याच दिवशी क्लासमध्ये एका मुलाने बुटाची जीभ उचलून आतली शिवण तपासली आणि सर्वांदेखत निकाल दिला. त्यानंतर महिनाभर त्याला नावाने कोणी हाक मारली नाही. 'कॉपी' म्हणत.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लगेच निबंध सांगितला असता."

मी तो बूट हातात घेऊन उभा राहिलो. नक्कल असली तरी काम तेच करते, हे वाक्य मी याच मुलाला ऐकवले होते.

ज्यांना बुटात काय आहे असे वाटते, त्यांना एवढेच विचारावे की मग आपल्याकडे काही जातींच्या लोकांना दुसऱ्यांच्या दारावरून जाताना वहाणा काढून हातात का घ्याव्या लागत? पायातल्या वस्तूवरून माणसाची जागा ठरवणे या पोरांनी शोधून काढलेले नाही. त्यांनी फक्त जुन्या हिशेबाला नवे आकडे घातले आहेत. आणि मलाही हा हिशेब नवा नव्हता.

१९९४ साली मी नववीत होतो. तालुक्याच्या शाळेत सगळ्या मुलांच्या पायात पांढरे स्पोर्ट्सचे बूट आले होते, आणि माझ्याकडे कवायतीचे कॅनव्हासचे, शनिवारी खडू फासून पांढरे करायचे. मी मागितले. "पैसे न्हाईत." पण दिवाळीच्या आदल्या दिवशी आण्णांनी बाजारातून एक खोके आणले. बूट पांढरे होते, निळी पट्टी होती, आणि बाजूला त्या प्रसिद्ध नावात एक अक्षर इकडचे तिकडे केलेले होते. आण्णांना इंग्रजी बेताचे. त्यांना फरक कळला नसावा. मला पहिल्या नजरेत कळला. मी दाढीचे पाते घेतले आणि परसात बसून दोन्ही बुटांवरची अक्षरे खरवडून काढली. काढता काढता रेक्झिनही सोलले गेले. दिवाळीच्या सकाळी आण्णांनी दारातले बूट उचलून पाहिले. त्या सोललेल्या जागेवरून त्यांनी दोनदा अंगठा फिरवला, आणि बूट जोडीने, नीट, टाच टाचेला लावून, परत ठेवले. त्यांच्या स्वतःच्या पायात टायरच्या तळाचे, तीन ठिकाणी शिवलेले पायताण होते.

हे मी मुलाला सांगितले. निबंध म्हणून नव्हे. बूट मध्ये ठेवून, जमिनीवर बसून सांगितले. माळ्यावरची पिशवी बघताच तो उठून जायला निघाला होता, पण पात्याची गोष्ट ऐकून थांबला.

"आजोबा काय म्हणाले?"

"काही नाही."

"नंतर कधी?"

"कधीच नाही."

"मग तुम्ही ते बूट घातले?"

"फाटेपर्यंत. दीड वर्ष."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मी म्हणालो, "माझा शब्द कायम आहे. उद्या जाऊन ते खरे आणू." हे बोलताना अकरा हजार आठशेचा आकडा डोळ्यांपुढून गेला, हे मी नाकारत नाही. शिवाय ते आणून मी त्या जीभ उचलणाऱ्या पोराचाच मान राखतो आहे की काय, अशीही शंका आली. पण दिलेला शब्द मागे घ्यायला निमित्त शोधावे, तर महिनाभर मी दुसरे काय केले होते?

त्याने 'बघू' म्हटले. हा शब्द तो कोणाकडून शिकला ते सांगायला नको.

जुलैत त्याच्या कॉलेजातली मुले पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत पायी गेली. दरवर्षी पावसाळ्यात असे जथे जातात. दोन दिवसांची चाल, वर धो धो पाऊस, खाली गुडघाभर चिखल. निघायच्या आदल्या रात्री त्याने माळ्यावरची पिशवी काढली आणि नाड्या ओवत बसला. मी काही बोललो नाही. एवढे तरी आण्णांकडून शिकलो आहे. परत आला तेव्हा सगळा पोरगाच मातीचा झाला होता, आणि त्या बुटांचा तांबडा कोणता, काळा कोणता, काही ओळखू येत नव्हते. उजव्याचा तळ पुढून सुटला होता. तो त्याने नाक्यावरच्या चांभाराकडून चाळीस रुपयांत शिवून आणला. आता तो ते रोज घालतो. कॉलेजात त्यावर कोणी काही बोलते का, ते मी विचारलेले नाही आणि त्याने सांगितलेले नाही.

दसऱ्याच्या दिवशी त्याने ड्रॉवरमधून तो घडीचा कागद काढला, जमिनीवर अंथरला आणि त्यावर पाऊल ठेवले. अंगठा रेघेच्या बाहेर गेला होता. चांगला करंगळीच्या नखाएवढा.

"बाबा, ते बूट आत्ता नको," तो म्हणाला.

माझा चेहरा खुलला असावा, कारण त्याने घाईघाईने पुढे जोडले, "नको म्हणजे सोडलं असं नाही. तुमचा शब्द मी राखून ठेवतो. पुढं कधीतरी मागीन."

कैकेयीने तरी दुसरे काय सांगितले होते!