सुई आणि सोवळं

"आत्या, गर्दुल्ल्यांना फुकट नव्या सुया वाटायच्या, म्हणजे व्यसनाला खतपाणीच की!" असं भाचा फोनवर म्हणाला. त्याला (आणि समस्त सोवळ्या मंडळींना) हे उत्तर.

अरे, एकच सुई चौघांत फिरली की एचआयव्ही रक्तातून रक्तात जातो. मणिपूरने हे 1990च्या सुमारास भोगलं. नवी सुई मिळाली म्हणून कुणी व्यसनी होत नाही. उष्टी सुई मात्र त्याला आजार देते, आणि घरी बसलेल्या त्याच्या बायकोलाही.

आपल्याकडे दोन्ही टोकं आहेत. येरवड्याला 1986पासून मुक्तांगण, भोसरीला 1992 साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (हल्ली नाव बदललंय, असो). पण प्रयोगशाळा केवढीही असो, गर्दुल्ला पांढऱ्या कोटाला खरं सांगत नाही. ज्याने चहा पाजून विचारपूस केली, त्याला सांगतो. म्हणून संशोधनाचे प्रश्न ठरतात तेव्हाच तो कार्यकर्ता बैठकीत हवा. त्याला नुसता नमुने गोळा करायला धाडायचं आणि निष्कर्षही सांगायचे नाहीत, हा कसला सहयोग?

संस्था एकत्र आल्या की काय होतं तेही पाहा. नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांच्या अभ्यासात पुणंही होतं. औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, हे त्यातून 2011मध्ये जगाला कळलं.

आणि 2017च्या एचआयव्ही कायद्याने सुया देणाऱ्या कार्यकर्त्याला संरक्षणही दिलंय. चौकीवरच्या हवालदाराला ते कुणी सांगितलंय का, एवढं विचारून ये बरं.