न मिळालेला खो

बीड जिल्ह्यातील वडवणी हे तालुक्याचे गाव. दसरा-दिवाळी सरली, की या मुलखातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची अथवा कर्नाटकाची वाट धरतात. कित्येकदा मुलेही त्यांच्याबरोबर जातात. उन्हाळ्याच्या तोंडी ती परततात, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि क्रीडांगणावरील गडीही ठरून गेलेले असतात. अशा मुलाला कोणी ‘कोयता’ म्हणून हाक मारतो, आणि बाकीचे हसतात.

खो-खोच्या खेळात हा छळ फार सहज लपतो. आठ गडी चौकोनांत बसलेले असतात. खो मिळाल्यावाचून उठायचे नाही, असा नियमच आहे. तेव्हा एखाद्याला मुद्दाम खो दिलाच नाही, तर तो सबंध डाव बसून राहतो. त्याला कोणी मारलेले नसते, शिवी दिलेली नसते. पाहणाऱ्यास सारे नियमाप्रमाणेच दिसते. प्रशिक्षकाला मात्र ते निराळे दिसले पाहिजे.

थोडी टवाळी सोसल्याने मूल कणखर होते, असे पुष्कळांना वाटते. हा समज खोटा आहे. कणखरपणा येतो तो धावण्याने आणि सरावाने. टवाळीने मूल मैदान सोडते, एवढेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. त्यांची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची याच जिल्ह्यातील केज तालुक्याची. पहिल्याच वर्षी चौकोनात बसवून ठेवलेली मुलगी इतकी दूर कशी पोहोचेल?

गडी वाटण्याचे काम प्रशिक्षकाने स्वतः करावे. मुलांवर सोपविले, की तेच मूल रोज शेवटी उरते. त्याने स्वतःची जीभही जपावी. गुरुजींनी ‘ढब्ब्या’ म्हटले, की तेच नाव वर्षभर चालते! तक्रार आली, तर दुखावलेल्या मुलाचे म्हणणे एकांतात ऐकावे. चारचौघांत ते काय बोलणार? मुख्याध्यापकांना आणि पालकांनाही कळवावे. छळणाऱ्याला छडी मात्र मारू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केलेली आहेच. शिवाय बलवानाने दुबळ्यास मारावे, हाच धडा त्या छडीने पक्का होतो.

खरी अडचण निराळीच असते. पुष्कळदा छळणारा मुलगाच संघातील सर्वांत चपळ गडी असतो, आणि तालुक्याचे सामने आठवड्यावर आलेले असतात. अशा वेळीही त्याला संघाबाहेर बसवावे. सामना कदाचित हातचा जाईल, आणि गावकरी चार दिवस प्रशिक्षकालाच बोल लावतील.